बारा वाजून एकोणीस मिनिटं

"उलटं करून टाका, वैनी. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. कोण बघतंय एवढं!"

भूपालअण्णा स्टुडिओच्या दारातच उभे होते. बाहेर त्यांची मोटारसायकल चालूच होती. मे महिन्यातली दाट तिथ, एका दिवसात तीन लग्नं, आणि तिसऱ्या कार्यालयात बॅटऱ्या पोचवायच्या राहिलेल्या.

"अण्णा, सगळा शॉट उलटा होईल पण."

"होऊ दे की. नवरीनं मधेच उडी मारून जागा बदलली असं दिसण्यापेक्षा बरं. करा आणि लावा रेंडरला. मोहिते सोमवारी सीडी न्यायला येणार हायेत."

आणि गेले. माझं पुढचं वाक्य गाडीच्या आवाजातच विरलं. माझी वाक्यं अशी बरीच विरलेली आहेत. माझा आवाजच लहान. आई म्हणायची, देवाला ऐकू जातो तेवढा पुरे.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट. विट्यात एसटी स्टँडच्या मागे अण्णांचा स्टुडिओ होता. अण्णा, म्हणजे भूपाल चौगुले, आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून मी वैनी. लग्नाचं शूटिंग अण्णा आणि त्यांचा मेहुणा करायचे. एडिटिंग माझ्याकडे.

मोहित्यांच्या लग्नात घोळ असा झाला होता की ऐन मंगलाष्टकांत अण्णांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. अण्णा स्टेजसमोर, पाहुण्यांत उभे होते. मेहुणा स्टेजवर, नवरानवरीच्या पलीकडे, पाहुण्यांकडे तोंड करून. त्याचा कॅमेरा तेवढा चालू राहिला. म्हणजे शेवटचं मंगलाष्टक, अंतरपाट खाली आला ते, हार घातले ते, सगळं फक्त पलीकडच्या बाजूनं घेतलेलं. अण्णांच्या चित्रात नवरी डावीकडे, मेहुण्याच्या चित्रात उजवीकडे. एकापुढे एक जोडलं की वाटायचं, अंतरपाटाच्या आडून दोघांनी खरंच जागा बदलल्या.

मी शॉट उलटा केला. आरशात दिसतो तसा. नवरी डावीकडे आली. सगळं सरळ दिसायला लागलं.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं तेव्हा आमच्याकडे जुनं व्हर्जन होतं, त्याला मी मनातल्या मनात म्हातारं म्हणायची. आता पुतणी फोनवर बोट फिरवते आणि लग्नाची फिल्म तयार होते, तेव्हा मला त्या म्हाताऱ्याची आठवण येते आणि आजही चीड येते. एक साधा बदल केला की पडद्यावर शॉट जोडायची जी पट्टी असते तिच्यावर लाल रेघ यायची. रेघ आली की रेंडर करा, म्हणजे तो तुकडा मशीननं नव्यानं तयार करेपर्यंत थांबा. तीन मिनिटांच्या शॉटला पाऊण तास. त्या पाऊण तासात माउसला धक्का लागला तर पडदा गोठायचा, मग बटण दाबून बंद करा, परत चालू करा, आणि मधलं काम गेलेलं. त्याला स्वतःच सेव्ह करून ठेवायची सवय नव्हती. चूक मागे घ्यायची तर पाचच पायऱ्या. सहावी चूक जन्माची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एकदा रेंडर झालं की त्या शॉटवर आपण काय केलंय याची पट्टीवर खूणसुद्धा राहायची नाही. रंग बदलला, वेग बदलला, उलटा केला, सगळे तुकडे दिसायला सारखेच.

तो पाऊण तास काय करायचं? मी वाती वळायची. त्या वर्षी मी लक्षवातीचं व्रत धरलं होतं. रोज पाचशे वाती, आणि संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय जेवण नाही. मांडीवर कापूस, समोर हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं सरकतेय, आणि ओठांत नाव. अण्णा ओरडायचे, "वैनी, त्यो कापूस फॅनमधी गेला की तुमच्या लाख वातींसंगं माझा कॉम्प्युटरबी पेटंल!" पण ओरडून झालं की स्वतःच माझ्यासाठी दाराला पडदा लावून घ्यायचे, वाऱ्यानं कापूस उडू नये म्हणून.

मोहित्यांची सीडी सोमवारी गेली. पेढे आले. मी विसरून गेले.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, एक मुलगी स्टुडिओत आली. हातात अजून लग्नातला हिरवा चुडा.

"ताई, मी सारिका. मोहित्यांची."

मी ओळखलं. अडीच तास तिचाच चेहरा पुढेमागे केला होता मी.

"ये, बस. सीडी बिघडली का?"

"सीडी चांगली चालते. रोज चालते." ती बाकावर टेकली. "ताई, तुमच्या सीडीत घड्याळ दिसतं."

"कुठलं घड्याळ?"

"कार्यालयातलं. हार घालताना, लांब, मागच्या भिंतीवर. आकडे नाहीत त्यावर, नुसत्या रेघा आहेत. पण काटे दिसतात. आमचा मुहूर्त अकरा एक्केचाळीसचा होता. आणि घड्याळात बारा वाजून एकोणीस मिनिटं झालीत."

मला अजून काही उमजलं नव्हतं. ती सांगत राहिली. लग्नानंतर एकविसाव्या दिवशी तिच्या नवऱ्याची, अमरची गाडी घसरली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. घरचे तीन माग चालवणारा तो एकटाच. तो अंथरुणाला खिळल्यावर बघायला येणाऱ्यांसाठी सासू कौतुकानं लग्नाची सीडी लावायची. अशाच एका दुपारी कुणा पाहुण्याच्या नजरेला ते घड्याळ पडलं.

"आता कोणीबी आलं की त्या जागेवर सीडी थांबवतात. काठीनं दाखवतात. म्हणतात, हे बघा, अडतीस मिनिटं. मामा नवरीला घेऊन खोलीतनं भाईरच येईना. मुहूर्त चुकवून घरात आली, म्हणून माझ्या पोराची मांडी मोडली."

"तुला उशीर झाला होता का खरंच?"

"झाला की. गजरा तुटला होता. खोलीतून निघायला पाच-सात मिनिटं. पण अडतीस मिनिटं, ताई? अडतीस मिनिटं लोकं अक्षता हातात घेऊन बसतील?"

"भटजी काय म्हणतात?"

"वेळेत लागलं म्हणतात. सासूबाई म्हणतात, दक्षिणा मिळाली की भटाला सगळंच वेळेत लागतं."

आषाढात ती रीतीप्रमाणे माहेरी गेली होती, खानापूरला. आषाढ संपला. आणायला कोणी आलं नाही. मग निरोप आला, रविवारी दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसवू आणि सोडचिठ्ठीचं बोलून टाकू.

"ताई," ती एकदम हळू बोलली, "ते घड्याळ पुसता येतं का?"

काय उत्तर दिलं मी? ते लिहायला आजही हात मागे येतो. मी म्हटलं, "अगं, देवाब्राह्मणांसमोर झालेल्या गोष्टीत मी खोटं घालू? आणि माणसं खोटं बोलतात, बाई, घड्याळ कसं बोलेल? त्यापेक्षा तू सोळा सोमवार धर. महादेव मार्ग दाखवेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दुकानात हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं.

"धरलेत, ताई," ती म्हणाली. "येत्या सोमवारी दुसरा." आणि उठून गेली.

शुक्रवारी अण्णांनी एका डोहाळजेवणाचं शूटिंग आणून टाकलं. तोवर म्हातारं गेलं होतं. आषाढात काम नसतं, तेव्हा अण्णांनी नवं व्हर्जन बसवून घेतलं होतं. जुनं पुसलं, जागा हवी म्हणून डिस्कवरची सगळी चित्रं पुसली. नवं भराभर चालायचं. वाती वळायला वेळच मिळेना, त्याचाही मला रागच होता.

"वैनी, ह्यातबी तसंच झालंय बगा. ती पोरगी एकदा हिकडं बघती, एकदा तिकडं. ते आपलं करा, उलटं."

मी बटण दाबलं. शॉट फिरला. आणि झोपाळ्यामागच्या कागदावर लिहिलेलं पेढा की बर्फी पार उलटं झालं, वाचताच येईना.

"अण्णा, अक्षरं उलटी झाली."

"मग ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. मोहित्यांच्यात न्हवतं बगा असलं काय. बॅनर मेहुण्याच्या पाठीमागं होता."

अण्णा सहज बोलले. मी सहज मान वर केली. फोटोच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना भांग पाडायला आरसा असतोच. आमचा माझ्या समोरच्या भिंतीवर होता. त्यात पाठीमागचं घड्याळ दिसत होतं. आठ चाळीस. भर दुपारी आठ चाळीस कसे वाजतील म्हणून मी वळून बघितलं, तर तीन वाजून वीस मिनिटं झालेली.

मी पुन्हा आरशात बघितलं. पुन्हा वळून बघितलं. अण्णा म्हणाले, "मान लचकली का?"

मी एका पाकिटाच्या पाठीवर गोल काढला. अकरा एक्केचाळीसचे काटे काढले. पाकीट उजेडाला धरून उलट्या बाजूनं बघितलं.

बारा वाजून एकोणीस मिनिटं.

मला आधी स्वतःचा राग यायला हवा होता. पण खरं सांगते, आधी राग आला तो त्या म्हाताऱ्याचा. एक खूण ठेवली असतीस रे! त्या तुकड्यावर एक टिंब. मी कामाची जुनी फाईल शोधली, कुठला तुकडा कुठे आणि कसा जोडला त्याच्या नोंदीची. मोहिते, मे, दोन हजार पाच. फाईल होती. नव्या व्हर्जननं ती उघडायचं नाकारलं. ही फाईल जुन्या आवृत्तीतली आहे, उघडता येत नाही. ठीक आहे, हे एवढंच बटण. मी ठीक आहे म्हणत गेले आणि ते तेच सांगत गेलं. मग टेपा काढल्या. मोहित्यांच्या टेपवर नंतरची चार लग्नं आणि एक वास्तुशांत उमटून गेली होती. सीझनमध्ये टेप कोण जपून ठेवतं!

"अण्णा, जुनं व्हर्जन परत टाका."

"का?"

मी सांगितलं. अण्णा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "वैनी, टाकलं जुनं, उघडली फाईल. चित्रं तर पुसलीत. दिसणार काय? नुसते रिकामे तुकडे."

"एका तुकड्यावर उलटा केल्याची नोंद असेल आतमधे."

"ती मोहित्यांच्या म्हातारीला दाखवणार? तिला काय कळतंय त्यातलं? आणि गावभर होईल, चौगुले उलटी लग्नं लावतंय म्हणून. दिवाळीनंतरच्या तिथी तोंडावर आल्यात, वैनी."

"तुमचं नाव नाही घेणार. उलटं मी केलं."

"मी सांगितलं म्हणून केलं."

"तेही नाही सांगणार."

अण्णांनी कपाळ चोळलं. "असं बोलून तुम्ही माणसाला लाजंनं मारताय बगा. ऐका. मोहित्यांची एक सीडी आपल्याकडं नमुन्याची हाय का? असंल तर तेवढा शॉट परत उलटा करा. नव्याला दोन मिनिटांचं काम. सुलटी सीडी न्या आणि दाखवा. हाय काय, न्हाय काय."

होती. मी केलं. खरोखर दोन मिनिटं लागली. पडद्यावर हार पडले आणि मागच्या भिंतीवर अकरा एक्केचाळीस वाजले. मला वाटलं, संपलं. इतकी मी भाबडी.

शनिवारी सकाळी मी मोहित्यांच्या घरी गेले. गल्लीत सगळीकडे मागांची खटखट, फक्त त्यांच्या दारात शांतता. तिन्ही मागांवर चादरी पांघरल्या होत्या. पुढच्या खोलीत अमर पलंगावर, पाय उशांवर चढवलेला. त्याच्या आईला, कलावतीबाईंना मी देवळात बघितलेलं होतं. नाकात मोठी नथ, आवाज मागावर मात करणारा.

"या की, या. वातीवाल्या ताई ना तुमी? शनिवार धरताय? मग चहा चालंल का दूध देऊ?"

"काही नको, काकू. एक चूक सांगायला आले."

मी सांगितलं. माझ्या आवाजात जेवढं सांगता येईल तेवढं. कलावतीबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही, त्यानं माझी भीती आणखी वाढली. मग मी माझी सीडी लावली. हार पडले. अकरा एक्केचाळीस.

अमर कोपरावर उठला. "आई, बघ. मी म्हणत होतो."

"तू गप." कलावतीबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, परवापातूर बारा एकोणीस हुते. आज अकरा एक्केचाळीस झाले. उद्या या, सव्वानऊ करून आणा."

"काकू, देवाशपथ..."

"पोरीनं पाठवलंय तुमास्नी."

"नाही. ती आली होती, पण मी तिला परत पाठवलं."

"मग चौगुल्यानं पाठवलंय. अवो, त्या पेटीत काय वाट्टंल ते करता येतंय, एवढं मलाबी कळतंय. तुमीच म्हणताय की, दोन मिनिटांत उलटं केलं, दोन मिनिटांत सुलटं केलं. मग खरं कंचं? तुमचं पयलं का तुमचं दुसरं?"

मी पिशवीतून हातआरसा काढला, टीव्हीसमोर धरायला. त्यांनी हात हलवला. "आरशात तर समदंच उलटं दिसतंय. त्यानं काय खरं व्हतंय का?"

मला रडू यायला लागलं, आणि त्या रडण्याचाही राग आला. खरं माझ्या हातात होतं आणि ते खरं मीच इतकं हाताळून ठेवलं होतं की कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं.

कलावतीबाई जरा मऊ झाल्या. "हे बगा, मी काय राक्षीण न्हवं. माझी मला सून नको झालीय का? मेल्यावाणी घर झालंय. पर जे मी माझ्या डोळ्यांनी बगितलंय ते कसं नाकारू? त्या पेटीबिगर, माझ्या डोळ्यांना दिसू दे, की वेळेत लागलं. रेवणसिद्धाच्या पायाची आण, मी सवता जाऊन आनीन तिला. दुसऱ्या कुणाला धाडणार न्हाई. तिच्या आईच्या दारात उभी ऱ्हाईन."

"काकू," मी म्हटलं, "तुमची सीडी लावा. तुमच्याकडची. तिला मी हात लावत नाही."

का म्हटलं, मला माहीत नाही. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणूनच.

त्यांनी लावली. इतक्या वेळा थांबवलेली जागा की बोट आपोआप बटणावर गेलं. चित्र थांबलं. लांब भिंतीवर घड्याळ, त्याखाली अक्षता टाकणारी गर्दी, जवळ नवरानवरी, आणि कडेला भटजी, उघड्या अंगानं, उपरणं कमरेला बांधलेलं.

महिनाभर त्या घरातले सगळे घड्याळाकडेच बघत होते. मीही गेल्या दोन दिवसांत घड्याळाशिवाय काही बघितलं नव्हतं. आता रडवेल्या डोळ्यांना घड्याळ नीट दिसेना, म्हणून नजर कडेला गेली.

"काकू, भटजींचं जानवं."

"काय झालं जानव्याला?"

"उजव्या खांद्यावर आहे."

कलावतीबाई पुढे सरकल्या. जानवं कधी उजव्या खांद्यावर घेतात हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मालकांचं श्राद्ध दरवर्षी त्याच घरात व्हायचं. त्यांचा चेहरा उतरला. "लग्नात? पितरांवाणी? ह्या भटाला मी..."

"भटजी चुकले नाहीत, काकू. तुम्ही अक्षता कुठल्या हातानं टाकल्या?"

"ह्यो काय सवाल झाला? उजव्या. माझ्या एकुलत्या एका पोराला मी डाव्या हातानं अक्षता टाकीन?"

"मग ते बघा."

पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, त्या स्वतः उभ्या होत्या. मोरपंखी पैठणी, मोठी नथ. हात उंच उचललेला, अक्षता नुकत्याच सुटलेल्या. डावा हात.

कलावतीबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. बटण दाबलं, चित्र हललं, डावा हात खाली आला. मागे घेतलं. पुन्हा तोच हात. त्यांनी नकळत स्वतःचा उजवा हात वर केला, तसाच, अक्षता टाकल्यासारखा. मग खाली बघितलं, स्वतःच्या पदराकडे. पदर डाव्या खांद्यावर होता, जन्मभर होता तसा. पडद्यावरच्या कलावतीबाईंचा पदर उजव्या खांद्यावर होता. त्यांच्या शेजारच्या नणंदेचाही. तिच्या मागच्या चौघींचाही. अख्ख्या रांगेत डाव्या खांद्यावर पदर घेतलेली एक बाई नव्हती.

"नथ," त्या म्हणाल्या. आवाज अगदी माझ्याएवढा झाला होता. "माझी नथ उजवीकडं दिसतीय."

त्यांनी नाकाला हात लावला. नथ डावीकडेच होती.

शेजारच्या घरातले माग तेवढे चालू होते. कलावतीबाई खाली बसल्या, भिंतीला पाठ लावून. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. ओरडायला हवं होतं, माझी तयारी होती. पण त्या पडद्याकडेच बघत होत्या, त्या उलट्या बाईकडे, जिच्या जोरावर त्यांनी महिनाभर गावाला अडतीस मिनिटं मोजून दाखवली होती.

"म्हंजी वेळेत लागलं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो, काकू. मिनिटाला मिनिट."

मला इतकं मोकळं वाटलं की मी मनात हातसुद्धा जोडले. वेळेत लागलं. पोरीवरचा डाग गेला. महादेवानं मार्ग दाखवला.

तेव्हा अमर बोलला. तो इतका वेळ छताकडे बघत पडला होता.

"ताई, आणि खरंच उशीर झाला असता तर?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"म्हणजे घड्याळात खरंच बारा एकोणीस असते तर," तो म्हणाला. त्याचाही आवाज मोठा नव्हता. "रस्त्यावर ऑइल सांडलं होतं. मी जोरात होतो. आईला शंभर वेळा सांगितलं. पण समजा उशीर झालाच असता. गजरा तुटला म्हणून, अडतीस मिनिटं. मग तुम्ही आला असता आज?"

बुधवारी सारिकाला मी काय म्हटलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. घड्याळ खोटं बोलत नाही असं मानलं होतं तोवर मी तिला सोळा सोमवार देऊन वाटेला लावलं होतं, आणि संध्याकाळी दिवा लावून शांतपणे जेवले होते. आले ती माझी चूक सापडली म्हणून. तिच्यासाठी आलेच नव्हते.

"आई, तू सांग," अमर म्हणाला.

कलावतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग जमिनीला हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. आतून पेटी उघडल्याचा, कपाटाचं दार लागल्याचा, पितळी डबा सरकल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा साडी बदललेली होती. पिशवीतून नारळाची शेंडी आणि हिरव्या खणाचा काठ दिसत होता.

"उद्या ती चार माणसं येणार हायेत," अमर म्हणाला.

"येऊ देत. चहा पिऊन जातील."

"अगं, तू आत्ता..."

"डब्यात भाकरी हाय. पायाला उशी नीट घे." मग मला विचारलं, तेही माझ्याकडे न बघता, "खानापूरला साडेअकराची एसटी हाय ना?"

"आहे, काकू. मी येऊ का बरोबर?"

"नको."

त्यांनी उंबऱ्यावर थांबून चपला पायात सरकवल्या. टीव्हीवर चित्र तसंच थांबलेलं होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही. गल्लीत सुताच्या कोनांनी भरलेला एक टेम्पो समोरून आला. कलावतीबाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या, टेम्पो जाऊ दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.